कात्रीने कापलेला कोपरा



दिवाळीच्या सुट्टीत लातूरच्या नाना-नानी पार्कमध्ये मी घरच्या मुलांसाठी टपालपेटी-शोधाचा खेळ केला, त्याचे फोटो पाहून तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं, ‘कसा केलास, आम्हालाही सांग.’ कृती सांगते, अगदी डब्यांच्या आकारासकट. पण आधी हा खेळ मला का करावासा वाटला ते सांगायला हवं. त्यात माझी एक जुनी चूक आहे, आपल्या मराठवाड्याच्या टपालाचा इतिहास आहे, आणि एक पोस्टकार्ड आहे.

माझं माहेर नांदेडचं. आजीचं माहेर मात्र लातूरकडचं, औशाजवळचं. तिच्या लोखंडी पेटीत एका जुन्या खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली पत्रं होती. बहुतेक तिच्या भावाची, म्हणजे आमच्या मामाआजोबांची. काही लग्नपत्रिका, काही मृत्यूच्या बातम्या. आणि गठ्ठ्याने निघाली ती संवत्सरीनंतरची क्षमापनेची कार्डं. तुमच्याही घरी असतील. फोन नव्हते तेव्हा वर्षभराचं मागणं-देणं त्या एका ओळीत उरकायचं.

मी पाचवीत असताना वर्गात तिकिटं जमवायचं वेड शिरलं. प्रत्येकीकडे वही. माझ्या वहीत फार काही नव्हतं. एका दुपारी आजी सामायिकाला बसली होती, तेव्हा मी पेटी उघडली, शिवणाची कात्री घेतली आणि जवळजवळ सगळ्या पत्रांचे तिकिटाचे कोपरे कापून घेतले. पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवता येतं. पण कार्डावर ते छापलेलंच असतं, म्हणून कार्डाचा कोपराच कापला. डिंकाने वहीत चिकटवले. वर्गात माझी वही पहिली आली.

आजीने दोन दिवसांनी पेटी उघडली. रागावली नाही. एक कार्ड हातात धरून एवढंच म्हणाली, ‘त्याच्यावर गावाचं नाव होतं गं.’

मला तेव्हा ते कळलं नाही. तिकीट म्हणजे मौल्यवान वस्तू, बाकी काळी शाई म्हणजे घाण, असंच मला वाटे. शिक्का जितका कमी पडलेला तितकं तिकीट चांगलं, असं आम्ही मुली मानत होतो.

आता आपल्या भागाच्या टपालाबद्दल थोडं. १ ऑक्टोबर १८५४ पासून इंग्रजी मुलखात नवा टपाल कायदा लागू झाला आणि अर्ध्या आण्याच्या तिकिटावर साधं पत्र देशात कितीही लांब जाऊ लागलं. आधी अंतराप्रमाणे पैसे पडत. १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं पोस्टकार्ड आलं आणि गरिबाघरची सूनही माहेरी खुशाली कळवू लागली. पण नांदेड आणि लातूर तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हते, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. निजामाचं नाणं वेगळं, त्याला हाली म्हणत. इंग्रजी रुपयाला म्हणत कलदार. तसंच निजामाचं टपालही वेगळं होतं. १८६९ मध्ये संस्थानाने स्वतःची तिकिटं काढली. १८७१ च्या तिकिटावर फारसी, इंग्रजी, मराठी आणि तेलुगू अशा चार लिप्या होत्या. म्हणजे औशाच्या बाईला ऊर्दू वाचता आली नाही तरी तिकिटाची किंमत तिच्या अक्षरात छापलेली असे. १९३१ च्या मालिकेत तर आपलाच प्रदेश दिसतो. आठ आण्याच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, निजामाचं तिकीट संस्थानाच्या हद्दीतच चाले. लातूरहून नांदेडला पत्र पाठवायचं तर निजामाचं तिकीट पुरे. सोलापूर किंवा बार्शीहून, म्हणजे हद्दीपलीकडून पत्र यायचं तर त्यावर हिंदुस्थान सरकारचं तिकीट, राजाच्या मुंडक्याचं. बार्शी लातूरपासून काही फार दूर नाही. छोट्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत आली होती. गाडी तीच, रूळ तेच, पण वाटेत राज्य बदले आणि टपालाचं तिकीटही बदले. १७ सप्टेंबर १९४८ ला आपला प्रदेश मुक्त झाला, आणि १ एप्रिल १९५० पासून निजामाचं टपाल भारतीय टपालात विलीन झालं.

मुक्तिसंग्रामाच्या त्या काळात रझाकारांच्या भीतीने हद्दीवरच्या गावांतली कितीतरी कुटुंबं सोलापूर-बार्शीकडे आसऱ्याला गेली. स्वातंत्र्यसैनिकांची केंद्रंही हद्दीलगत तिकडेच होती. आमच्या घरी याबद्दल कुणी फार बोलत नसे. आजीही बोलली नाही.

आता ते कार्ड. मामाआजोबांच्या हातचं. मागच्या बाजूला मोडीवळणाच्या बाळबोध अक्षरात: ‘आम्ही सर्व सुखरूप पोहोचलो. काळजी करू नये. घराची किल्ली शेजारी दिली आहे. गाय त्यांच्याच गोठ्यात आहे.’ मिती श्रावण वद्य ८. वर्षाचा उल्लेख नाही. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या दोन ओळींची सुरुवात गेलेली, कारण पलीकडच्या बाजूने मी कापलेला कोपरा नेमका तिथलाच. कुठे पोहोचले? कधी? आमची आई म्हणायची, ते कुठल्यातरी लग्नाच्या वऱ्हाडाचं पत्र असेल.

गेल्या वर्षी भावाने नांदेडचं घर नव्याने बांधायला काढलं. वहिनीने माळ्यावरची पेटी मला दिली, म्हणाली, ‘ताई, नाहीतर रद्दीत जाईल.’ पेटीच्या तळाशी माझी पाचवीतली तिकिटांची वहीही निघाली. तेव्हा मी पहिल्यांदा शिक्क्यांबद्दल वाचायला लागले.

टपालाचा तारखेचा शिक्का सुरू झाला तो लंडनमध्ये, १६६१ साली. हेन्री बिशप नावाचे तिथले पोस्टमास्टर जनरल होते. लोकांची तक्रार होती की पत्रवाहक पत्रं दडपून ठेवतात. बिशप यांनी महिना आणि दिवस असलेला छोटा गोल शिक्का काढला, म्हणजे पत्र कधी हातात आलं ते लपवता येणार नाही. तिकिटं तर त्यानंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाने आली. म्हणजे आधी शिक्का, मग तिकीट. तिकीट सांगतं पैसे भरले. हे पत्र कुठून निघालं आणि कोणत्या दिवशी, ते शिक्का सांगतो.

आपल्या परंपरेत तर पत्रासोबत अख्खं गाव पाठवायची पद्धत होती. विज्ञप्तिपत्रं तुम्ही ऐकली असतील. चातुर्मासासाठी आचार्यांना विनंती करताना श्रीसंघ लांबलचक गुंडाळीवर आपल्या गावाचे रस्ते, बाजार, मंदिरं, माणसं चितारून पाठवत असे. १६१० साली आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठवलेलं विज्ञप्तिपत्र शालिवाहन या चित्रकाराने रंगवलं, आणि त्यात जहांगीर बादशहाचा पर्युषणातल्या जीवहत्याबंदीचा प्रसंग आहे. ती गुंडाळी आज चारशेहून अधिक वर्षांनंतरही वाचता येते, कारण कोणी, कुठून, कधी, कोणाला, हे सगळं तिच्यातच आहे. माझ्या आजीच्या कार्डातून हेच मी कापून काढलं होतं.

आता खेळाकडे येते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूर नावाचं दलदलीचं, ओसाड माळरान आहे. १८५४ साली, म्हणजे आपल्याकडे अर्ध्या आण्याचं तिकीट आलं त्याच वर्षी, जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तिथल्या क्रॅनमिअर पूल या पोहोचायला अवघड जागी एक बाटली ठेवली. जो तिथवर चालत येईल त्याने आपलं नावाचं कार्ड त्यात टाकावं. पुढे बाटलीच्या जागी डबा आला. लोक त्यात पत्ता लिहिलेली कार्डं ठेवू लागले. पुढचा जो येईल त्याने ती उचलून परतल्यावर टपालात टाकायची. म्हणून त्या डब्याला नाव पडलं लेटरबॉक्स. मग प्रत्येक डब्यात वही आणि रबरी शिक्का आला. शोधणारा स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत उठवतो आणि डब्याचा शिक्का आपल्या वहीत. डब्यातून काहीही घरी न्यायचं नाही. फक्त ठसा न्यायचा, आणि आपला ठसा ठेवून यायचा. आज माळरानावरून हा खेळ शहरांतल्या बागांमध्ये आला आहे.

हे वाचलं आणि मला वाटलं, मुलांना यातून दाखवता येईल. मीही पाचवीत तिकिटं घेतली आणि ठसा फेकून दिला होता. शिवाय माझ्याकडे शोधायला खरंच काहीतरी होतं. वहीतले ३६ कोपरे आणि पेटीतली पत्रं. कुठला कोपरा कुठल्या कार्डाचा, हे मी एकटीने बसून करू शकले असते. पण ही पत्रं मुलांचीही आहेत.

तयारी अशी केली. वहीतल्या कोपऱ्यांच्या रंगीत झेरॉक्स काढल्या, मूळ वहीला हात लावू दिला नाही. कोपरे मूळ आकाराचेच हवेत, नाहीतर कडा जुळत नाहीत. झाकण घट्ट बसणारे नऊ छोटे स्टीलचे डबे घेतले. प्रत्येकात चार कोपरे, एक छोटी वही, एक शाईचं पॅड आणि खोडरबरावर कोरलेला शिक्का. शाळेत ठसे बटाट्याचे शिकवतात, आपल्या घरी तो प्रश्नच नाही. खोडरबर उत्तम. लहानग्यांना घरी भेंडी आडवी कापून सराव दिला, फुलासारखा सुरेख ठसा येतो.

बागेतल्या माळीदादांना आदल्या दिवशी विचारून घेतलं. नियम चार. माती उकरायची नाही. झाडाच्या ढोलीत डबा ठेवायचा नाही, तिथे पाखरं आणि खारी असतात. दगड उलटायचा नाही, त्याखाली जीव असतात. आणि डब्यात खाऊ नाही, मुंग्या येतात. म्हणून डबे बाकांच्या खाली, पायऱ्यांच्या आडोशाला, कठड्याच्या मागे असे ठेवले. सगळं सूर्यास्ताच्या आत संपवून नऊच्या नऊ डबे मोजून परत आणले.

डबा शोधायच्या खुणा मी टपालाच्याच केल्या. एक सांगते, कारण ती मोठ्यांनाही आवडली. लातूर आणि नांदेड शेजारचे जिल्हे. लातूरचा पिनकोड ४१३५१२, नांदेडचा ४३१६०१. पहिले तीन आकडे तेच, फक्त जागा बदललेल्या. असं का? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ती पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने बसवली. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यासकट कळतो टपाल वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे नेमक्या पोस्ट ऑफिसचे. ४१३ मध्ये सोलापूर जिल्ह्याची गावं येतात, धाराशिव येतं आणि लातूरही. ४३१ मध्ये छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड. १९७२ मध्ये लातूर जिल्हाच नव्हता, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला १९८२ च्या ऑगस्टमध्ये. पिनकोड मात्र बदलला नाही. म्हणून आजही लातूरच्या प्रत्येक पत्त्यावर जुन्या सोबतीची खूण आहे. मुलांना खूण दिली, ‘जिल्हा बदलला पण आकडा नाही बदलला, त्या आकड्यांची बेरीज करा आणि तितकी पावलं चाला.’ चार, एक आणि तीन, आठ पावलं. नांदेडची भाची लगेच म्हणाली, ‘आत्या, आमचीही आठच येते!’ ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

नऊही डबे सापडायला दीड तास लागला. मग बागेतल्या चौथऱ्यावर चादर पसरून आम्ही पत्रांच्या झेरॉक्स मांडल्या. आठ मुलं, ३६ कोपरे. कात्री वाकडीतिकडी चाललेली, म्हणून प्रत्येक कड निराळी. पाचवीतल्या माझ्या धांदरट हाताचा तेवढाच एक उपयोग झाला. तेवीस कोपरे जुळले. तेराचे धनी सापडले नाहीत, ती पत्रं मधल्या काळात हरवली असावीत.

‘सुखरूप’ कार्डाचा कोपरा माझ्या धाकट्या मुलाने जुळवला. कोपऱ्यावर निजामाची खूण नव्हती, राजाचं मुंडकं होतं. म्हणजे कार्ड बहुधा हद्दीपलीकडून आलेलं. बहुधा म्हणते, कारण संस्थानातही काही ठिकाणी इंग्रजांची पोस्ट ऑफिसं होती. पण शिक्का? कार्डावर मला इतकी वर्षं एक काळी कमान आणि दोन पुसट इंग्रजी अक्षरं दिसत होती, मी त्याला डाग समजत होते. उरलेली कमान कोपऱ्यावर होती. दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा गोल पूर्ण झाला. मुलाने एकेक अक्षर लावत वाचलं, ‘बा-र-शी’.

वर्षाचा आकडा शाईत बुडालेला आहे. भिंग लावलं, मोबाइलने मोठा करून पाहिला, वाचता येत नाही. त्यामुळे १९४७ की १९४८, ते मी सांगू शकत नाही, आणि उगाच ठरवूनही टाकणार नाही.

रात्री आईला फोन केला. म्हटलं, ‘आई, ते वऱ्हाडाचं पत्र नाही गं. बार्शीहून आलंय.’ ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणून गाय शेजारी दिली होती होय.’ लग्नाला जाताना कुणी गाय दुसऱ्याच्या गोठ्यात बांधून जात नाही, घराची किल्ली देऊन जात नाही. ते वाक्य इतकी वर्षं आमच्या समोर होतं. गावाचं नाव नसल्यामुळे ते आम्हाला वाचता आलं नाही. आणि आजीला ते तोंडपाठ असणार. तिने मला शिक्षा केली नाही, पण जे सांगितलं तेच खरं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर अशी पत्रं असतील तर तीन गोष्टी कराच. तिकीट कापू नका, सोडवू नका. पाकीट आणि पत्र वेगळं करू नका, कारण शिक्का पाकिटावर असतो आणि मजकूर आत. आणि घरात जी सर्वांत वयस्क बाई आहे तिच्याशेजारी बसून पत्राच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, कोणी, कोणाला, कुठून. पेन्सिलीनेच, शाई पलीकडे उमटते. माझं हे बसणं राहून गेलं.

खेळाच्या शेवटी प्रत्येक मुलाला एकेक पोस्टकार्ड दिलं होतं. अजूनही पन्नास पैशालाच मिळतं. आठ कार्डं आईच्या पत्त्यावर नांदेडला गेली. पत्ता लिहिताना एकाने पिनकोड वर लिहिला, एकीने तिकिटावरच नाव लिहिलं, दोघांना ‘सादर प्रणाम’ कुठे लिहायचं ते माहीत नव्हतं. आठातली सात पोहोचली. आईने ती देवघराशेजारच्या कपाटात ठेवली आहेत.

एक नववं कार्ड मी स्वतः लिहिलं, आजीच्या नावाने. पत्ता नव्हता, म्हणून टपालात टाकलं नाही. त्यावर फक्त क्षमापनेची ओळ आहे, गावाचं नाव आहे आणि तारीख आहे. ते तिच्या पेटीत, त्या बार्शीच्या कार्डाला लागून ठेवलं.